दिवाळी अंकांवरचा मॉनिटर

आमच्या घरी मॉनिटर कुठे ठेवायचा हे कूलर ठरवतो. नागपूरकराला यापुढे काही सांगायची गरज नाही. बाकीच्यांसाठी सांगते. होळी आटोपली की गच्चीवरून कूलर खाली येतो, त्याला वाळ्याच्या नव्या ताट्या लागतात आणि खोलीतली एकुलती एक खिडकी त्याच्या मालकीची होते. मग पाऊस पडून हवा दमट होईपर्यंत, म्हणजे कूलर लावला काय न लावला काय सारखंच, असं होईपर्यंत ती परत मिळत नाही. वर्षातले साडेतीन महिने माझी कामाची खोली गुहा असते. उरलेल्या दिवसांत ती खोली असते.

मी मुद्रितं तपासते. इतकी वर्षं चौदा इंची लॅपटॉपवर निभावलं. पण गेल्या वर्षी 'ध' आणि 'घ' जुळ्या बहिणींसारखे दिसायला लागले आणि 'भ' की 'म' हे शब्दाच्या अर्थावरून ओळखायची वेळ आली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी प्रोग्रेसिव्ह चष्मा लिहून दिला. चष्म्याचे पैसे मोजलेच आहेत तर मॉनिटरही होऊन जाऊ द्या, असं म्हणून बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात गेले आणि चोवीस इंची मॉनिटर घेऊन आले.

घरी येऊन टेप लावली. रुंदी एकवीस इंचांना जेमतेम टेकली, उंची बाराच्या आत. चोवीस इंच मोजतात ते या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, तिरपे. इतवारीतल्या एखाद्या साडीवाल्याने साडी अशी तिरपी मोजून दिली असती तर दुकानासमोर गर्दी जमली असती.

खोकं उघडलं तेव्हा बाबा, म्हणजे माझे सासरे, खुर्ची ओढून बसले. एजी ऑफिसातून, म्हणजे महालेखापालांच्या कार्यालयातून निवृत्त झालेला माणूस. कोणत्याही वस्तूचं खोकं उघडताना हजर राहणं हे त्यांना कर्तव्य वाटतं.

"हे तर नुसतं पाट होय," ते म्हणाले. "याच्यावर गणपती कुठी ठेवशील?"

प्रश्न बरोबर होता. २००० साली माझ्या माहेरी आलेला मॉनिटर पंधरा इंची होता, पण मागे एवढा मोठा कुबड घेऊन आला होता. उचलायला दोन माणसं लागायची. त्याच्या डोक्यावर गणपती, गणपतीशेजारी शाळेतला एक कप, त्यामागे विजेचं बिल. आईने त्याला गोट लावलेलं कव्हर शिवलं होतं. पडद्यापुढे काळपट काचेचा एक फिल्टर टांगलेला असायचा, डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून. त्या फिल्टरमधून एक वायर खाली यायची आणि तिच्या टोकाला चिमटा असायचा. चिमटा अर्थिंगला लावायचा होता हे मला फार नंतर कळलं. आमच्याकडे तो टेबलाच्या खणाला लावलेला होता, आणि टेबल लाकडी. त्या पडद्याचा सगळ्यात आवडता भाग म्हणजे डीगॉसचं बटण. स्पीकर जवळ ठेवला की त्याच्यातल्या चुंबकामुळे पडद्याचा कोपरा जांभळा व्हायचा. मग ते बटण दाबायचं. 'डम्म' असा आवाज यायचा, अख्खं चित्र जेलीसारखं थरथरायचं आणि रंग ताळ्यावर यायचे. गरज नसतानाही आम्ही भावंडं ते दाबायचो. नव्या पडद्याला असलं काही नाही. त्याच्या डोक्यावर फारतर एक मुंगी बसू शकते.

दुलईवर पालथा घालून त्याला पाय लावला, वायर जोडली, सुरू केला. आणि खोलीत कोणीतरी ट्रकचे दिवे लावले.

कारखान्यातून पडदे असेच भगभगीत येतात. दुकानातल्या चाळीस ट्यूबलाइटांच्या उजेडात गिऱ्हाइकाचं लक्ष वेधायचं तर ब्राइटनेस शंभरवर हवाच. आमच्या गुहेत तोच शंभर म्हणजे शिक्षा. यावर एक साधी युक्ती आहे आणि ती यंत्राला नाही, कागदाला विचारायची. पांढरा कोरा कागद पडद्याशेजारी धरायचा. पडदा दिव्यासारखा दिसला तर कमी करायचा, राखाडी दिसला तर वाढवायचा, दोघांचा पांढरेपणा जुळला की थांबायचं. एप्रिलात माझा आकडा अठ्ठावीसवर जुळला. तो कायमचा नव्हे, पण तिकडे नंतर येते.

आकडा बदलायला बटणं मात्र लागतात, आणि ती कोणा हुशार माणसाने पडद्याच्या खालच्या कडेला, आतल्या बाजूने बसवली आहेत. पाच, सगळी सारखी, अंधारात चाचपायची. अर्धा तास खटपट करून ब्राइटनेस अठ्ठावीसवर आणला आणि 'बाहेर'चं बटण समजून दुसरंच दाबलं. मेन्यू चिनी भाषेत गेला. परत येण्यासाठी 'भाषा' असं कुठे लिहिलंय हे चिनीत शोधावं लागतं. शेवटी मुलगा आला, पृथ्वीच्या गोळ्याचं चित्र शोधून त्याने दोन सेकंदांत परत आणला आणि काही न बोलता गेला. काही बोलला असता तर बरं वाटलं असतं.

आता जागा. कूलरचं शास्त्र असं की खिडकीतून आत आलेली हवा दुसरीकडून बाहेर गेली पाहिजे, नाहीतर खोली नुसती कुबट होते. म्हणून समोरचं दार सताड उघडं. दारातून हॉलचा उजेड आत येतो. दाराकडे तोंड करून मॉनिटर ठेवला तर पडद्यात मजकुराऐवजी मी दिसते, आणि माझ्यामागे कूलरमध्ये पाणी भरायला पाइप ओढत येणारे बाबा. शिवाय समोरच्या खिडकीतला कूलर बरोबर माझ्या तोंडावर. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या तापलेल्या नऊ दिवसांत, कूलरचा झोत तोंडावर घेणं हे सुख आहे, पण डोळ्यांचं नाही. पडद्याकडे बघताना माणूस पापणी मिटायचं विसरतो. मिनिटाला पंधरा-एक वेळा मिटणारी पापणी निम्म्यावर येते. त्यात समोरून वारा. संध्याकाळपर्यंत डोळ्यांत भाकरीचा पापुद्रा आल्यासारखा वाटायचा. शेवटी टेबल भिंतीला काटकोनात लावलं: दार डावीकडे, कूलर उजव्या खांद्यामागे, उजेड बाजूने. लिहिताना उजेड डावीकडून यावा, हे प्राथमिक शाळेतल्या बाईंनी सांगितलंच होतं. त्यांच्यासमोर पाटी होती, एवढाच फरक.

उंचीचं प्रकरण जास्त लांबलं. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा जराशी खाली, अंतर हात लांब केला तर बोटं टेकतील इतकं, असं सगळीकडे सांगतात. माझ्या मॉनिटरचा पाय फक्त पुढे-मागे झुकतो, वर-खाली होत नाही. वर-खाली होणारा पाय निराळा मिळतो, मागे शंभर मिलिमीटरवर चार भोकंही असतात त्यासाठी. पण त्याची किंमत ऐकून मी दिवाळी अंकांकडे वळले. घरात वीस वर्षांचे अंक होते. सहा ठेवले. गुळगुळीत मुखपृष्ठांवरून ते घसरायला लागले म्हणून सुतळीने बांधले. कड बरोबर डोळ्यांच्या रेषेत आली आणि मला कृतार्थ वाटलं.

आठ दिवसांत मान धरली. मागून, कवटीच्या खाली. उशी बदलली, तेल लावलं. मग एकदा चहा द्यायला नवरा आत आला आणि दारातच थांबून म्हणाला, "काय पाहून राहिली? विमान?"

तेव्हा लक्षात आलं. प्रोग्रेसिव्ह चष्म्यात वरून लांबचं दिसतं, खालून जवळचं, आणि हातभर अंतराचं मधल्या एका बारीक पट्टीतून. पडदा डोळ्यांच्या रेषेत असला की ती पट्टी त्याच्यावर आणायला हनुवटी वर करावी लागते. दिवसाचे सात तास मी आकाशाकडे तोंड करून व्याकरण तपासत होते. डोळ्यांच्या रेषेचा नियम खोटा नाही. तो पंचविशीतल्या डोळ्यांसाठी आहे. मी सुतळी सोडली आणि एकेक अंक काढत गेले. प्रत्येक काढलेला अंक चाळून बघितलाच पाहिजे हा नियम मात्र कुठे लिहिलेला नव्हता, तरी पाळला, आणि त्यात एक अख्खी दुपार गेली. दोन अंकांवर हनुवटी जागेवर आली. पडदा वरून थोडा मागे झुकवला. मान सुटली.

मग मुलगा संध्याकाळी बसला. त्याची उंची पाच फूट अकरा. "आई, हे काय, वाकून वाकून मान चालली माझी." त्याने चार अंक परत घातले. सकाळी मी काढले. बाबांचे दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू निघालेले, आत बसवलेली भिंगं लांबच्या नजरेची, हाताशी फक्त वाचायचा चष्मा. हातभर अंतरावरचा पडदा त्यांना ना चष्म्यातून नीट दिसतो, ना चष्म्याशिवाय. ते उंचीला हात लावत नाहीत. मॉनिटर सरळ स्वतःकडे ओढतात, ताटासारखा.

बाबांनीच अक्षरं मोठी करायची म्हणून एकदा रिझॉल्यूशन कमी केलं. अक्षरं मोठी झाली, पण पाण्यात भिजलेल्या पोस्टकार्डासारखी. "धुरकट दिसून राहिलं बाप्पा, मोतीबिंदू वापस येते का?" त्यांना खरंच भीती वाटली होती. मी त्यांना ठिपक्यांच्या रांगोळीवरून समजावलं. या पडद्यावर ठिपके आधीच घातलेले आहेत, आडवे १९२० आणि उभे १०८०. ते हलत नाहीत. तुम्ही त्याला कमी ठिपक्यांची रांगोळी काढायला सांगितली, तर रेघा ठिपक्यांवरून न जाता दोन ठिपक्यांच्या मधून जाणार, आणि मग तो दोन्ही ठिपके अर्धे अर्धे रंगवून वेळ मारून नेणार. ठिपके तेवढेच राहू द्यायचे, नक्षी मोठी काढायची. रिझॉल्यूशन पूर्ववत केलं, स्केल सव्वाशे टक्के केलं. बाबांनी बातमी वाचून पाहिली. "मंग सरळ सांगाचं ना, नक्षी मोठी कर म्हणून."

ठिपक्यांवरून अनुस्वाराची गोष्ट. एका प्रकाशकाचं पाककृतींचं पुस्तक आलं होतं. दोन पानं शेजारी शेजारी लावली की अक्षर बारीक होतं, आणि त्या आकाराला अनुस्वार म्हणजे एखाद-दुसरा ठिपकाच. पाटोडीच्या कृतीत लिहिलं होतं, 'भिजवलेल्या बेसनाचे दोन भांग करावे.' मी हसले, खूण केली, 'अनुस्वार काढा' असं लिहिलं. ओळ वर सरकवली. ओळ गेली, अनुस्वार तिथेच राहिला. आता तो सांबारवडीतल्या 'वडी'वर बसला होता, आणि तिची 'वंडी' झाली होती.

पुसलं. कोरड्या कपड्याने पुन्हा पुसलं. नखाने खरवडणार होते, पण आवरलं. वीस लाख त्र्याहत्तर हजार सहाशे ठिपक्यांपैकी एक मेलेला होता, डावीकडे वर, बरोबर जिथे पानाचा मजकूर सुरू होतो तिथे. दुकानात फोन केला. "मॅडम, एका ठिपक्याले कंपनी धरत नाही," तो अगदी सौजन्याने म्हणाला. मी काय उत्तर देणार? माझ्या धंद्यात एका ठिपक्याने भागाचा भांग होतो, हे त्याला सांगून उपयोग नव्हता. पाककृतीवाल्याला 'अनुस्वार काढा' ही खूण परत घेतली, आणि तेव्हापासून कुठल्याही अनुस्वारावर आक्षेप घेण्याआधी मी ओळ एकदा हलवून बघते. हलला तर लेखकाचा, नाही हलला तर माझा.

दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांवर बघावं, असंही सांगतात. गुहेत वीस फूट कुठून आणायचे? खिडकीत कूलर. उघड्या दारातून नजर टाकली तर हॉल ओलांडून ती थेट स्वयंपाकघरातल्या ओट्यावर पोचते. म्हणजे डोळ्यांना विश्रांती म्हणून मी उन्हाळाभर दर वीस मिनिटांनी खरकटी भांडी बघितली.

मागच्या आठवड्यात दोन दिवस नीट पाऊस झाला आणि कूलर निघाला. खिडकीतून समोरचा कडुनिंब परत दिसायला लागला, साधारण वीस फुटांवरच असेल. खोलीत एकदम इतका उजेड आला की अठ्ठावीसवरचा पडदा राखेसारखा दिसायला लागला. कागद धरला, सत्तरवर गेले. दारातल्या उजेडासाठी जुळवलेली जागा आता खिडकीच्या उजेडात येते, त्यामुळे पडद्यात कडुनिंबही आहे, पानंही हलतात. टेबल पुन्हा फिरवावं लागणार.

रविवारी नवऱ्याने टेबलाची एक बाजू धरली, मुलाने दुसरी. बाबा अंकांचा गठ्ठा पोटाशी धरून दारात उभे होते.

"किती अंकांवर ठेवू?"

"दोन. संध्याकाळी सहा."

त्यांनी वरचा अंक उचलून बोटाने जाडी चाचपली. "हे जुने जाड होते. आता जाहिराती कमी, पानं कमी. हे फाटले का नवे तीन लागतीन तुले," ते म्हणाले, आणि खाली बसून वरचा अंक उघडला. टेबल तोवर आम्ही तिघांनी हातात धरलेलं होतं.