आमची वाटचाल: क्रोन बॉक्स ते आयपी फोन

नाशिकच्या सातपूर-अंबड भागातल्या कारखान्यांत इंटरकॉम दुरुस्त करणे, हे आमचे सुरुवातीचे काम. भिंतीवर ईपीएबीएक्स (कारखान्याचे आतले टेलिफोन एक्स्चेंज), शेजारी क्रोन बॉक्स, म्हणजे फोनच्या तारांच्या जोड्या जिथे जोडतात ती पेटी. त्यातली कोणती जोडी स्टोअरला जाते आणि कोणती डिस्पॅचला, हे एकट्या वायरमनला ठाऊक. तो रजेवर गेला की बंद फोन बंदच राही. काम संपले की प्रत्येक जोडीची नोंद करून प्रत गिऱ्हाइकाला द्यायची, ही पद्धत आम्ही तेव्हाच घालून घेतली.

कॉम्प्युटर नेटवर्कवरून चालणारे आयपी फोन आले आणि लोक म्हणू लागले, आता काय, नेटवर्कची केबल खोचली की झाले! प्रत्यक्षात काम वाढले. फोन सुरू झाला की कॉल जोडणाऱ्या सर्व्हरकडे आपले एक्स्टेंशन (आतला नंबर) नोंदवायला जातो. सर्व्हर आधी 401 हा कोड पाठवून ओळख मागतो, फोन पासवर्डवरून तयार केलेले उत्तर देतो, मग 200 ओके, म्हणजे मंजुरी, येते. ही नोंद कायमची नसते. बऱ्याच ठिकाणी मुदत 3,600 सेकंद; ती संपायच्या आत फोनने पुन्हा हजेरी लावायची. ती चुकली की स्क्रीन उजळलेली दिसते, पण कॉल एकही येत नाही, आणि ऑफिसला ते कळते कुणीतरी मोबाइलवर तक्रार केल्यावर. म्हणून कोणता फोन नोंदीतून गळला हे आम्ही सर्व्हरवर रोज सकाळी पाहतो.

अंबडच्या एका कारखान्यात बाहेरून आलेला कॉल उचलला की अर्ध्या मिनिटात तुटायचा. फोन बदलून झाले होते, लाइन देणाऱ्यांशी वादही झाला होता. आम्ही स्टॉपवॉच लावले. दर वेळी 32 सेकंद! हा आकडा आमच्या धंद्यात बोलका आहे. आयपी फोनचे कॉल ज्या पद्धतीने जोडले जातात त्या एसआयपीचे नियम 2002 च्या आरएफसी 3261 या इंटरनेट मानकात आहेत. फोन उचलल्याचा निरोप पाठवूनही त्याची पोच आली नाही, तर नेहमीच्या सेटिंगमध्ये 32 सेकंदांनी नाद सोडला जातो. राउटरमधले एसआयपी एएलजी (एसआयपीच्या निरोपांत हात घालणारी सोय) निरोपातले पत्ते परस्पर बदलत होते आणि पोच फोनपर्यंत येतच नव्हती. तो पर्याय बंद केला, कॉल टिकू लागले. नवे काही विकत घ्यावे लागले नाही. त्या मालकांनी मग सिन्नरच्या युनिटचे कामही आमच्याकडे दिले.

आता प्रत्येक फोनमध्ये हाताने सेटिंग भरत नाही. मागच्या स्टिकरवरचा मॅक पत्ता (प्रत्येक फोनचा वेगळा ओळख क्रमांक) स्कॅन करतो, त्या नावाची फाइल सर्व्हरवर ठेवतो आणि ती कुठून घ्यायची हे डीएचसीपीचा (फोनला नेटवर्कवरचा पत्ता देणाऱ्या सेवेचा) ऑप्शन 66 फोनला सांगतो. फोन जळाला तर नव्याचा मॅक टाकायचा, एक्स्टेंशन तेच राहते. मॅक, एक्स्टेंशन, टेबल आणि नेटवर्क स्विचचा पोर्ट यांचा तक्ता व अ‍ॅडमिन पासवर्डचे बंद पाकीट मालकाच्या हाती देतो. एएमसी (वार्षिक देखभालीचे काम) आमच्याकडे असो वा नसो. पीओई स्विच (नेटवर्कच्या केबलमधूनच फोनला वीज देणारा) यूपीएसवर घेतल्याशिवाय काम पूर्ण झाले असे आम्ही म्हणत नाही. लाइट गेली की पहिला फोन महावितरणलाच करायचा असतो.

एक्स्टेंशन 101 ला पासवर्डही 101, हे मात्र कुणी कितीही आग्रह केला तरी ठेवत नाही. उघड्या सर्व्हरवर असे पासवर्ड चाचपणारे प्रोग्राम रात्रंदिवस फिरतात; शिरकाव झाला की रातोरात परदेशी कॉल होतात आणि बिल मालकाच्या माथी येते. आयएसडी ज्याला लागते त्यालाच, बाकी सगळ्यांना लॉक.

2020 च्या टाळेबंदीत कॉलेज रोडवरच्या एका ऑफिसची एक्स्टेंशन व्हीपीएनमधून (इंटरनेटवरच्या सुरक्षित खासगी जोडणीतून) घरच्या मोबाइलवर चालू करून दिली. लोक ऑफिसात परतले, तरी त्यातली काही चालूच होती. नोकरी सोडून गेलेल्याचेही एक एक्स्टेंशन त्यात सापडले. तेव्हापासून एएमसीच्या करारात एक अट आहे: माणूस गेला की एचआरने त्याच दिवशी कळवायचे आणि आम्ही संध्याकाळच्या आत एक्स्टेंशन बंद करायचे. मोठ्या कारखान्यांत हे सुरळीत चालते. छोट्या ऑफिसांत एचआर नसतो, तिथे महिन्याच्या एक तारखेला आम्हीच फोन करून विचारतो.