घाटात थांबलेली पंजाब मेल

मुंबईहून निघालेली डाउन पंजाब मेल कसाऱ्याला थांबते ती बँकर इंजिने जोडून घेण्यासाठी. कसारा ते इगतपुरी हा थळ घाटातला टप्पा १८६५ मध्ये वाहतुकीला खुला झाला, आणि त्याचा १:३७ चा चढ, म्हणजे ३७ मीटर पुढे जाताना एक मीटर वर चढणारा रूळ, एकट्या इंजिनाला झेपत नाही. म्हणून गाडीच्या शेपटीला आणखी इंजिने लावून तिला मागून रेटत वर नेतात. गार्डचा डबा एरवी गाडीच्या अखेरीस असतो, पण या टप्प्यात तो गाडी आणि बँकर यांच्यामध्ये सापडतो, आणि पुढची ओढ व मागचा रेटा या दोन्हींचा अंदाज सर्वांत आधी गार्डलाच येतो. हल्ली आमच्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात. घाटात मात्र मला ‘गार्ड’ हाच शब्द शोभतो असे वाटते.

जुलैमधली ती रात्र मुसळधार पावसाची होती. अर्धाअधिक घाट चढून गेल्यावर एका बोगद्याच्या अलीकडे सिग्नल लाल मिळाला आणि गाडी चढावरच उभी राहिली. थोड्या वेळाने चालकाने वॉकीटॉकीवर कळवले की पुढे आमच्याच मार्गावर दरडीतला एक मोठा दगड आला असून तो गस्तीवरच्या ट्रॅकमनला दिसला आहे. पावसाळ्यात ही माणसे कंदील, बॅटरी आणि गाडीला इशारा देण्यासाठी रुळावर ठेवायचे फटाके घेऊन रात्रभर घाटातून चालत असतात. घाटातल्या गाड्या सुखरूप वर पोहोचतात त्याचे श्रेय इंजिनाच्या अश्वशक्तीइतकेच त्यांच्या पायांनाही द्यावे लागेल.

माझ्यापुढे आता एकच काम होते. माझ्या डब्याला लागून जनरल डबा होता, आणि भोपाळ, झाशी, ग्वाल्हेरकडे निघालेली माणसे त्यात दारापर्यंत दाटीवाटीने बसली होती. गाडी बराच वेळ हलत नाही असे दिसताच काही जण खाली उतरू लागले. एका बाजूला पाणी वाहून नेणारा निसरडा कडा आणि दुसऱ्या बाजूला घाट उतरणाऱ्या गाड्यांचा मार्ग, अशा जागी काळोखात एकही माणूस खाली असणे परवडणारे नव्हते. मी बॅटरी घेऊन दारादाराशी गेलो, उतरलेल्यांना वर चढवले आणि खरे कारण सरळ सांगून टाकले. माझा अनुभव असा आहे की ‘सिग्नल नाही’ एवढ्या उत्तराने लोक चिडतात, आणि पुढे दगड पडला आहे हे समजले की तेच लोक एकमेकांना आवरतात.

त्या दारात उभा असताना मला या गाडीचा इतिहास आठवत होता, कारण तो त्या गर्दीच्या अगदी उलटा आहे. ही गाडी १ जून १९१२ रोजी बॅलार्ड पिअरच्या मोल स्थानकातून पहिल्यांदा सुटली असे मानले जाते. इंग्लंडहून आगबोटीने येणारे टपाल आणि साहेब यांना घेऊन ती दिल्ली, लाहोरमार्गे थेट पेशावर गाठत असे. २,४९६ किलोमीटरच्या त्या प्रवासाला ४७ तास लागत. सहा डब्यांपैकी तीन टपालाचे असत आणि उरलेल्या तिनांत मिळून ९६ उतारूंची सोय होती. तिसऱ्या वर्गाचे डबे जोडले गेले ते १९३० च्या दशकाच्या मध्यावर. त्या रात्री माझ्यासमोरच्या एका जनरल डब्यात ९६ पेक्षा नक्कीच जास्त माणसे होती, आणि मला तरी पंजाब मेलची खरी थोरवी तिथेच दिसते. फाळणीनंतर ती फिरोजपूरला थांबू लागली, याचे दुःख करणारे पुष्कळ लेख निघतात. ती कोणासाठी धावू लागली याबद्दल मात्र कोणी फारसे लिहीत नाही.

तिच्या पहिल्या फेरीची तारीख ठरली तीसुद्धा मजेशीर रीतीने. १९११ चा खर्चाच्या अंदाजाचा एक कागद आणि ऑक्टोबर १९१२ मध्ये गाडी दिल्लीला काही मिनिटे उशिरा पोहोचली म्हणून एका प्रवाशाने केलेली तक्रार, या दोहोंवरून ती अनुमानाने काढली आहे. आमचा खोळंबा तर एक तास ओलांडून दुसऱ्या तासात शिरला होता.

अखेर दगड हटवून, रूळ तपासून सिग्नल मिळाला. उभ्या चढावर पूर्ण भरलेली गाडी हलवणे हे कसबाचे काम असते. पुढून शिट्टी आली, बँकरांनी तिला शिट्टीनेच उत्तर दिले, ब्रेक सुटत गेल्याचा फुसकारा डब्याडब्यातून मागे सरकत आला आणि मागचा रेटा माझ्या पायांखाली जाणवला. मग पुढची ओढ लागली. धक्का न बसता गाडी सुटली तेव्हा त्या सर्व चालकांना मनोमन दाद दिली.

इगतपुरीला बँकर सोडवले जात असताना मी रफ जर्नलमध्ये, म्हणजे गार्डच्या नोंदवहीत, घाटातला खोळंबा नोंदवत होतो. तेवढ्यात साताऱ्याकडचा एक तरुण जवान धावत आला. रजा संपवून तो फिरोजपूर छावणीत हजर व्हायला निघाला होता.

“साहेब, गाडी लेट झाल्याचा दाखला द्या. वरिष्ठांना दाखवावा लागेल.”

“तो आत्ता देऊन उपयोग नाही,” मी म्हटले. “अजून जवळजवळ अठराशे किलोमीटर जायचे आहे, वाटेत वेळ भरून निघू शकतो. फिरोजपूरला उतरल्यावरही गाडी लेट असेल, तर तिथल्या स्टेशन मास्तरांकडे मागा.”

त्याने घड्याळ पाहिले, मान डोलावली आणि विचारले, “चहा प्यायला वेळ आहे का?”

तेवढा होता. बँकर बाजूला झाल्यावर मी हिरवा दिवा दाखवला आणि गाडी नाशिक रोडकडे सुटली.