बीनकाउंटचा लायब्ररी म्हणून वापर : माझा अनुभव

माझे हिशेब मी बीनकाउंट या हिशेब ठेवण्याच्या प्रोग्रामसाठी साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहितो. तयार अहवालांवर भागत होते तोवर त्याच्या पोटात शिरण्याची गरज पडली नाही. परंतु प्रत्येक खर्च व उत्पन्न खात्याचा महिनावार तक्ता मला माझ्या पद्धतीने मांडायचा होता, म्हणून बीनकाउंट पायथन या प्रोग्रामिंग भाषेत लायब्ररी म्हणून, म्हणजे त्याचा तयार कोड माझ्या प्रोग्राममधून बोलावून, वापरायचे ठरवले.

पहिली चूक लगेच झाली. फाइल वाचायची म्हणजे पार्सर (मजकूर वाचून त्याच्या नोंदी बनवणारा भाग), असे गृहीत धरून मी थेट त्यालाच हाताशी धरले. खर्च लिहिताना मी सहसा एकाच बाजूची रक्कम लिहितो व दुसरी कोरी सोडतो, कारण एका व्यवहारातल्या सर्व रकमांची बेरीज शून्य यायलाच हवी असल्याने उरलेली रक्कम बीनकाउंट स्वतः काढते. पार्सर मात्र ते करत नाही. कोऱ्या जागी त्याने ‘मिसिंग’ अशी खूण ठेवली होती आणि माझी बेरीज तिथेच अडली. त्या जागा भरणे, जोडलेल्या फाइली ओढून घेणे आणि प्लगइन (नोंदींवर जादा प्रक्रिया करणारे छोटे प्रोग्राम) चालवणे हे लोडर या वेगळ्या भागाचे काम आहे. तो तीन गोष्टी परत देतो: तारखेनुसार लावलेल्या नोंदी, चुकांची यादी आणि फाइलमधील पर्याय (सेटिंग्ज).

यातली मधली गोष्ट मी वाचलीच नाही, आणि ते महागात पडले. जूनचा प्रवासखर्च कमी दिसत होता, म्हणून दोन संध्याकाळी मी माझ्याच कोडमधला दोष शोधत बसलो. प्रत्यक्षात एका नोंदीवर मी ३१ जून अशी तारीख घातली होती! अशा वेळी बीनकाउंट प्रोग्राम थांबवत नाही. ती नोंद गाळते, तक्रार यादीत टाकते आणि उरलेले निमूटपणे हाती देते. आता ती यादी रिकामी नसेल तर माझा प्रोग्राम तिथेच थांबतो.

पुढचे काम तुलनेने सोपे होते. नोंदींमध्ये खाते उघडणे, शिल्लक पडताळणे, भाव नोंदवणे हेही असते, त्यामुळे आधी केवळ व्यवहार वेगळे काढावे लागतात. रकमा डेसिमल, म्हणजे अचूक दशांश संख्या, या प्रकारच्या असतात. त्यांचे फ्लोट (अंदाजे साठवलेली दशांश संख्या) करण्याचा मोह मी टाळला. निरनिराळ्या चलनांच्या रकमा एकमेकींत मिसळू नयेत म्हणून बेरजेसाठी साध्या चलाऐवजी इन्व्हेंटरी (चलनवार रकमा वेगळ्या ठेवणारा बीनकाउंटचा प्रकार) वापरली. शेवटी तक्ता बीनकाउंटच्याच अहवालाशी ताडून पाहिला. आकडे जुळले, फक्त उत्पन्नाची खाती तिथे ऋण असतात, म्हणून ती ओळ छापताना चिन्ह उलटवतो.