'खांदा दुखतो' एवढ्या नोंदीवर भागत नाही

दिवाळीच्या मागेपुढे सोयाबीनची आवक वाढली की लातूरच्या मोंढ्यातले हमाल आमच्याकडे मान तिरपी धरूनच येऊ लागतात. कट्टा (धान्याचे पोते) पाठीवर घेताना मानेत कळ आली आणि सकाळी उठवेना, ही तक्रार ठरलेली, निदानही बहुधा घरून झालेले असते : "मॅडम, नस दबलीय म्हणतेत सगळे." मी सकाळी फिजिओथेरपी करते आणि दुपारनंतर अमेरिकेतल्या दवाखान्यांच्या नोंदींचे मेडिकल कोडिंग, म्हणजे नोंदीतल्या निदानाला आयसीडी-१०-सीएम या तिकडच्या यादीतला कोड देण्याचे काम, करते, त्यामुळे या दुखण्याची तपासणी आणि त्याचा कागद दोन्ही माझ्या हाताखालून जातात. माझे मत असे, की चुकलेल्या कोडचे मूळ बहुतेक वेळा तपासणीच्या त्रोटक नोंदीत असते.

स्नायूच ताणला असेल तर बोटाने दाबल्यावर दुखरी जागा नेमकी सापडते, तो स्नायू ताणला किंवा विरोधाविरुद्ध आकसायला लावला तरी तीच कळ येते, आणि हाताची ताकद, संवेदना व रिफ्लेक्स शाबूत असतात. नस दबली असेल तर वेदना हातात उतरते, बोटांना मुंग्या येतात आणि मान मागे व दुखऱ्या बाजूला झुकवून डोक्यावर हलका दाब दिला की ती वाढते. एक्स-रेमध्ये स्नायूचा ताण दिसत नाही. तरीही एक्स-रे काढून आणण्याची घाई फार. मात्र उंचावरून पडल्याचा इतिहास, चालताना जाणारा तोल, ताप, किंवा घाम फुटून डाव्या खांद्यात उतरणारी कळ असेल, तर स्नायूचा विचार बाजूला ठेवून रुग्णाला तातडीने पुढे पाठवावे लागते.

यानंतर कागद. नोंदीत केवळ 'मान व खांदा दुखतो' असेल, तर कोडरला लक्षणाच्या कोडवर थांबावे लागते : मानदुखीसाठी एम ५४.२ आणि उजव्या खांद्याच्या दुखण्यासाठी एम २५.५११. 'मानेच्या स्नायूचा ताण' असे स्पष्ट निदान असेल तर एस १६.१ देता येतो. खांद्याच्या बाबतीत स्नायू कोणता आणि बाजू कोणती, हे दोन्ही लागते. उजव्या रोटेटर कफचा (खांद्याच्या सांध्याभोवतीच्या स्नायूंचा) ताण एस ४६.०११ मध्ये जातो, आणि स्नायूचे नावच नसेल तर एस ४६.९११ या मोघम कोडवर समाधान मानावे लागते. ट्रॅपेझियस हा स्नायू तर कवटीच्या मागून खांद्याच्या हाडापर्यंत पसरलेला, त्यामुळे ताण मानेच्या भागात आहे की खांद्याच्या, हे तपासणाऱ्यानेच लिहायला हवे. स्नायूचा ताण आणि अस्थिबंधाचा मुरगळा यांचे कोडही वेगळे आहेत; मानेच्या अस्थिबंधासाठी एस १३.४ आहे. बाह्यरुग्ण विभागाच्या नोंदीत 'संशयित' किंवा 'बहुधा' असे लिहिलेले निदान अमेरिकी नियमांनुसार पक्के म्हणून कोड करता येत नाही, तेथे पुन्हा लक्षणच उरते.

दुखापतीच्या या कोडच्या शेवटी उपचाराचा टप्पा सांगणारे सातवे अक्षर लागते आणि त्याचाच घोळ मला सर्वांत जास्त दिसतो. 'ए' म्हणजे पहिली भेट, असे नवे कोडर धरून चालतात. प्रत्यक्षात सक्रिय उपचार चालू असेपर्यंत 'ए' आणि दुखापत भरून येण्याच्या काळातल्या नेहमीच्या देखभालीसाठी 'डी' असा तो भेद आहे. एस १६.१ हा अंक धरून चारच अक्षरी असल्याने मध्ये दोन 'एक्स' भरून तो एस १६.१एक्सएक्सए असा लिहावा लागतो, तर एस ४६.०११ ला थेट 'ए' जोडता येतो. जड ओझ्यामुळे ताण आला असेल, तर कारणासाठी एक्स ५०.० आणि त्याच त्या हालचालीमुळे आला असेल तर एक्स ५०.३ आहे, पण ओझ्याचा उल्लेखच नसेल तर हा कोड द्यायचा कशावरून?

मोंढ्यातल्या हमालाला माझ्याकडे कोड कोणी विचारत नाही, म्हणून सविस्तर नोंद करणे वायफळ वाटते, असे आमच्यातलेच काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. कामावरच्या इजेची नुकसानभरपाई मागताना, पूर्वी १९२३ च्या कायद्यानुसार आणि आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० नुसार, इजा कामातून आणि काम चालू असताना झालेल्या अपघाताने झाली, हे दाखवावे लागते. तेव्हा 'खांदादुखी, गोळ्या दिल्या' एवढ्या चिठ्ठीवर तो हमाल काय सांगणार? त्यामुळे मी इकडच्या केसपेपरवरही तारीख, कट्ट्याचे वजन, उचलण्याची पद्धत, दुखरी बाजू, दुखरा स्नायू आणि हाताची ताकद लिहून ठेवते. त्याला पाच मिनिटे जास्त लागतात आणि बाहेर बाकावर बसलेले लोक कुरकुरतात.