कोरा बांगलादेश: फरीदपूरचे पाच अखेर जागेवर बसले

मंडळी, फरीदपूरची गाठ सुटली! काल रात्री कोऱ्या नकाशावर ढाका विभागाचे तेराही जिल्हे आठवणीने, न अडखळता भरले आणि बांगलादेशचे 64 जिल्हे पूर्ण झाले. नेपाळचं वेळापत्रक मागच्या नोंदीत दिलं होतं, पण आधी हे सांगतो.

कडेचे जिल्हे तुम्हालाही सोपे गेले असतील. उत्तरेच्या टोकाला पंचगड, आग्नेयेच्या शेपटाला कॉक्स बझार, मेघना नदीच्या मुखाशी भोला बेट. सिल्हेट विभागात मुळात चारच. मेहेरपूर इवलंसं, पण 17 एप्रिल 1971 ला बांगलादेशच्या हंगामी सरकारचा शपथविधी तिथे झाला, त्यामुळे ते विसरत नाही.

छळलं ते फरीदपूर, राजबाडी, गोपालगंज, मादारीपूर आणि शरीयतपूर या पाचांनी. ना समुद्र, ना आपली हद्द, आकारही लक्षात राहावेत असे नाहीत. अंकीवर (पाठांतराच्या पत्त्यांचं अॅप) आकार झाकून खूप सराव केला. आज बसायचे, परवा पुन्हा अदलाबदल. क्लिक करून खेळायच्या प्रश्नमंजुषांबद्दल माझं मत आता पक्कं झालंय: त्यात बोट शिकतं, नकाशा शिकला जात नाही. हाताने काढल्याशिवाय गत्यंतर नाही.

पहिला धागा 1984 चा. त्या वर्षापर्यंत जुन्या मोठ्या जिल्ह्यांमधल्या महकुम्यांना (म्हणजे उपविभागांना) बढती देत 64 जिल्हे करण्यात आले. हे पाचही जुन्या फरीदपूरमधले. आपल्याकडे 1981-82 मध्ये रत्नागिरीतून सिंधुदुर्ग, उस्मानाबादमधून लातूर, चंद्रपूरमधून गडचिरोली निघालं, तसंच. मूळ जिल्हा कळला की गट पाडता येतात: जुन्या कुष्टियाचे तीन, जुन्या जशोरचे चार. खुलना विभाग मी असाच एका बैठकीत संपवला. पण फरीदपूरमध्ये गट कळूनही आतली जागा कळेना.

मग सीमारेषा पुसूनच टाकल्या. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये नॅचरल अर्थ या नकाशा-माहितीसंचातला नद्यांचा थर घेतला, फक्त नद्या ठेवून ए-थ्री कागदावर छापल्या आणि वरून ट्रेसिंग पेपर लावला. (सॉफ्टवेअर आणि माहितीसंच दोन्ही फुकट आहेत. दुकानातून आणलेल्या भिंतीवरच्या नकाशात मैमनसिंह विभागच नाही, आणि तो होऊन 2015 पासून इतकी वर्षं झाली! छापील नकाशा घेताना आधी तेवढं तपासा.)

आता पद्मेच्या (म्हणजे बांगलादेशातल्या गंगेच्या) उजव्या काठाने खाली चला. यमुना (आपली नव्हे, ब्रह्मपुत्रेचं तिथलं नाव) पद्मेला मिळते तिथे गोआलंदो, जुन्या आगबोटींचा घाट, ते राजबाडी. पुढे फरीदपूर. मग मादारीपूर. पद्मा मेघनेला भेटायला जाते तिथे, चांदपूरच्या समोर, शरीयतपूर. उरलं गोपालगंज, ते काठावर नाहीच. ते आत, मधुमती नदीच्या बाजूला. डाव्या काठावर माणिकगंज, ढाका, मुन्शीगंज ओळीने उभे राहतात. 2022 मध्ये सुरू झालेला पद्मा पूल मुन्शीगंजहून निघून शरीयतपूर-मादारीपूरकडे उतरतो, म्हणजे पडताळाही तिथेच मिळतो. हे एकदा हाताने काढलं आणि पाचही जिल्हे जागेवर आले. मनापासून आनंद झाला.

आपल्या गटाबाहेरच्या ओळखीच्यांना कोरा बांगलादेश दिला की ढाका आणि चितगाव येतं, क्रिकेटमुळे सिल्हेट येतं, आणि तिथे पेन थांबतं. ज्या देशाशी आपली सगळ्यात लांब सीमा आहे, 4,096 किलोमीटरची, त्याच्याबद्दल एवढंच ठाऊक असावं याचं मला वाईट वाटतं. पण त्याच लोकांना नद्यांचा कागद दिला तर ते चटकन विचारू लागतात, की ही कुठली, हिच्या काठावर काय. म्हणून यापुढे नवख्यांना सीमांचा कागद द्यायचाच नाही, असं ठरवलंय.

नेपाळचे 77 जिल्हे प्रांतांच्या क्रमाने घेणार होतो. लिहिता लिहिता तोही बेत बदलतोय. सातपैकी चार प्रांतांची नावंच नद्यांची: कोशी, बागमती, गंडकी, कर्णाली. मग नद्यांपासूनच का सुरू करू नये? मधेश प्रांताचे आठ जिल्हे तर पूर्वेकडून पश्चिमेकडे एका ओळीत आहेत: सप्तरी, सिराहा, धनुषा, महोत्तरी, सर्लाही, रौतहट, बारा, पर्सा. सिराहा आणि धनुषाच्या मध्ये कमला नदी, सर्लाही आणि रौतहटच्या मध्ये बागमती. दोन खुंट्या आयत्या मिळाल्या. भूतानचे 20 आणि श्रीलंकेचे 25 त्यानंतर.

अडचण दिसतेय ती रुकुम आणि नवलपरासीची. हे दोन्ही जिल्हे प्रांतांच्या सीमेवर दुभागले, त्यामुळेच 75 चे 77 झाले. पूर्व रुकुम लुंबिनीत, पश्चिम रुकुम कर्णालीत. पूर्व नवलपरासी गंडकीत, पश्चिम लुंबिनीत. या दोन जोड्या कागदावर पक्क्या करायला कुणी काही खूण शोधली असेल तर सांगा, शनिवारी ट्रेसिंग पेपर घेऊन बसणार आहे.