बारा वर्षं झाली, आता पुढे काय?

"मॅडम, नोकरीला बारा वर्षं झाली, वरिष्ठ वेतनश्रेणीचं प्रशिक्षणही झालं. आता कोणता कोर्स करू?" आम्हा शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत चहाच्या वेळी कुणी ना कुणी हे विचारतंच. तिथे घाईत नीट बोलणं होत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहिते.

आधी पदाचं बोलते. डी.एड.वर लागलेल्यांनी पदवी आणि बी.एड. जरूर करावं. नाशिकच्या मुक्त विद्यापीठामुळे नोकरी सांभाळून ते जमतं, मीही तसंच केलं. पदवीधर शिक्षक, मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाचा प्रमुख), सगळीकडे त्याचा उपयोग होतो. प्रत्येक परीक्षेची, प्रशिक्षणाची नोंद त्याच वर्षी सेवापुस्तकात करून घ्या. २४ वर्षांनी निवडश्रेणीच्या, म्हणजे त्यापुढच्या वेतनश्रेणीच्या वेळी जुन्या प्रमाणपत्रासाठी वणवण करणाऱ्यांचे हाल मी पाहिलेत.

पण पदं मोजकी असतात आणि वर्ग रोज समोर असतो. काय शिकायचं, हे मला वर्गातच कळलं.

तेव्हा माझ्याकडे तिसरी होती. ५२ मधून २७ वजा करताना एक मुलगी दर वेळी ३५ लिहायची. हातचा चार-पाचदा समजावून झाला, मी रागावलेही. शेवटी म्हटलं, "कसं केलंस ते सांग बरं." ती म्हणाली, "दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन घालवले." पोरीने विचार करून उत्तर काढलं होतं! दशक सुटा करता येतो, हे मीच तिला कधी दाखवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी खराट्याच्या काड्या नेल्या, दहा-दहांचे पाच गठ्ठे रबराने बांधले, दोन सुट्या ठेवल्या. सत्तावीस काढ म्हटल्यावर तिने दोन गठ्ठे बाजूला केले आणि थांबली. सुट्या काड्या दोनच. थोडा वेळ बघत बसली, मग एका गठ्ठ्याचं रबर तिने आपणहून काढलं.

त्या वर्षी मी गणिताखेरीज काहीच नवं शिकायला घेतलं नाही. पहिलीच्या बाईंच्या वर्गात शनिवारी मागे बसले, दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवरचे गणिताचे घटक पाहिले, मुलांच्या चुका वहीत जशाच्या तशा उतरवल्या. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासाला द्यावेत, असं म्हटलंय. व्हिडिओ नुसता चालू ठेवूनही तास भरतात, पण हाती काही लागत नाही. त्यातले निम्मे तरी तास आपल्या वर्गातल्या एकाच अडचणीला द्यावेत, असं मला मनापासून वाटतं.

दर जूनला मी वहीच्या पहिल्या पानावर एक प्रश्न लिहिते. यंदाचा असा: चौथीची मुलं शाब्दिक उदाहरण घडाघडा वाचतात आणि मग विचारतात, "मॅडम, अधिक की वजा?" असं का होतं?

पुढच्या परिषदेला तुमच्या वर्गातल्या दोन-तीन वह्या घेऊन या. चहाच्या वेळी बसून बघू.