कोरी आलेली यादी

वाय-टू-केचा, म्हणजे वर्षाचे दोनच आकडे ठेवणारे कॉम्प्युटर २००० साल लागताच तारखा चुकवतील या भीतीचा विषय निघाला की आजची पोरं म्हणतात, "काही झालंच नाही, उगाच घाबरवलं होतं लोकांना." मला हे ऐकवत नाही. १९९९ साली मी निपाणीत एका बँकेच्या शाखेत कर्जाच्या टेबलावर होतो. काही झालं नाही, कारण जगभरच्या माणसांनी ते होऊ नये म्हणून आधी राबून ठेवलं होतं. कॉम्प्युटर बंद पडेल का, याची चर्चा बाहेर जोरात होती. आम्हाला घोर होता तो वेगळाच: उद्या वसुलीसाठी कोर्टात जायची वेळ आली तर हातात कागद कोणता असेल?

तंबाखूच्या व्यापाऱ्यांना आमचं कॅश क्रेडिट असायचं, म्हणजे ठरलेल्या मर्यादेपर्यंत लागेल तसं उचलायचं कर्ज. सोबत मागणी वचनचिठ्ठी, म्हणजे मागितल्याबरोबर पैसे देईन असं कर्जदाराने सही करून दिलेलं वचन. तिच्यावर कोर्टात दावा लावायची मुदत सहीच्या तारखेपासून ३ वर्षं. ती संपायच्या आत लेखी कर्जकबुली, म्हणजे कर्ज देणं आहे अशी सही, घेतली, तर १९६३च्या मुदत कायद्याच्या कलम १८ प्रमाणे मुदत नव्याने सुरू होते. एक दिवस उशीर झाला तरी ते कलम कामाला येत नाही. कर्जदार निपाणीचा आणि जामीनदार सीमेपलीकडे महाराष्ट्रातल्या कागलचा, हे आमच्याकडे रोजचंच. त्यामुळे दोघांना गाठून सह्या घ्यायला हाताशी पुरेसा वेळ लागायचा.

मुदत संपत आलेल्या चिठ्ठ्यांची यादी कॉम्प्युटर काढून द्यायचा. प्रोग्राममध्ये वर्षाचे शेवटचे दोनच आकडे. १९९७च्या चिठ्ठीची मुदत २०००मध्ये संपणार, म्हणजे मशीनच्या लेखी ००. आणि ०० तर ९९च्या आधी येतो. पुढच्या जानेवारी ते मार्चची यादी मागितली, तेव्हा डॉट मॅट्रिक्स प्रिंटरमधून मथळा छापलेला कागद आला, खाली एकही नाव नाही. एरर नाही, काही नाही. सगळं ठीक आहे असंच कुणालाही वाटलं असतं. साहेबांनी मात्र कपाटातला चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढायला लावला. एकेक चिठ्ठी पाहून आम्ही हाताने रजिस्टर लिहिलं, आणि मग कर्जकबुलीचे फॉर्म घेऊन माणसं बाहेर पडली. कोरी यादी खरी मानून बसलो असतो, तर चिठ्ठी मुदतबाह्य झाल्याचं वकिलाकडूनच कळलं असतं.

सॉफ्टवेअरवाल्याचं पत्र आलं होतं, "आमची प्रणाली वाय-टू-केसाठी सज्ज आहे." चूक निघाली तर भरपाई कोण देणार, याबद्दल त्यात अक्षर नव्हतं. देखभाल करारातही नव्हतं. ग्राहकाच्या ठेवीवरचं व्याज चुकलं तर तेव्हाच्या १९८६च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली सेवेतली त्रुटी म्हणून जाब बँकेलाच द्यावा लागणार. कंपनीचं पत्र दाखवून त्यातून सुटका नव्हती.

पुराव्याचंही तसंच. बँकेच्या वहीतल्या नोंदीची प्रमाणित नक्कल १८९१च्या बँकर्स बुक्स एव्हिडन्स कायद्याने कोर्टात चालते. पण कॉम्प्युटरच्या प्रिंटआउटचा त्यात स्पष्ट उल्लेख आला तो माहिती तंत्रज्ञान कायद्याबरोबर, १७ ऑक्टोबर २०००ला. म्हणजे ज्या रात्री सगळ्यात जास्त धोका, त्या रात्री छापील कागदाला कायद्याचा नेमका आधार नव्हता. म्हणून ३१ डिसेंबरला, शुक्रवारी, व्यवहार संपल्यावर प्रत्येक खात्याची शिल्लक छापली, तेरीज (सगळ्या शिलकींची बेरीज) जुळवली, पानापानावर दोघांच्या सह्या घेतल्या आणि गठ्ठा बांधून तिजोरीत ठेवला. कोऱ्या लेजरशीट्स, जनरेटरला डिझेल, जादा रोकड हे सगळं होतंच. रिझर्व्ह बँकेने सगळ्याच बँकांना पर्यायी योजना तयार ठेवायला सांगितलं होतं. पण माझ्या मते त्या योजनेचा कणा म्हणजे तो सह्यांचा गठ्ठा.

शनिवारी सकाळी मशीन सुरू झालं. २९ फेब्रुवारीलाही आम्ही व्याज हाताने काढून ताडून पाहिलं, कारण मशीनने ०० म्हणजे १९०० धरलं असतं तर तो दिवसच नसता: १९०० हे लीप वर्ष नव्हतं आणि २००० होतं.

हे आज लिहायचं कारण आहे. जुलै २०२४च्या शेवटी एका तंत्रज्ञान पुरवठादारावर रॅन्समवेअरचा (डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामचा) हल्ला झाला आणि देशातल्या सुमारे ३०० लहान बँकांना पेमेंटच्या जाळ्यातून तात्पुरतं बाजूला काढावं लागलं. आपल्या बेळगाव, चिकोडी, खानापूर भागातल्या सोसायट्यांत कष्टकऱ्यांची पिग्मी, म्हणजे रोजची थोडी थोडी बचत, जमा होते. तिथल्या संचालकांना माझं कळकळीचं सांगणं आहे: पुरवठादाराशी केलेला करार काढा आणि नुकसानभरपाईचं कलम वाचा. डेटाची प्रत कुणाच्या ताब्यात आहे, करार मोडला तर ती किती दिवसांत परत मिळेल, हे त्यात नसेल तर नूतनीकरणाच्या वेळी लिहून घ्या. आणि ३१ मार्चची खातेवार शिल्लक छापून, सह्या करून, सर्व्हर आहे त्या इमारतीत न ठेवता दुसरीकडे ठेवा.